तळसरचे वरचे आसन

मंडळी, उरमोडीकाठच्या आमच्या या तळसर गावात शिवालयासमोरच्या दगडी चौथऱ्याला दोन पायऱ्या आहेत. केवढाही मोठा पंडित येवो, प्रवचनाला तो खालच्या पायरीवरच बसतो. वरची एरवी रिकामी असते.

पूर्वी त्या वरच्या पायरीवर त्र्यंबकशास्त्री बसत. प्राण म्हणजे काय, तो देहात कुठून येतो, यावर त्यांनी जाडजूड ग्रंथ लिहिला होता, असे सांगतात. ‘मला निरुत्तर करील त्याला हे आसन देईन,’ असा त्यांचा पण होता. थेट काशीहून पंडित आले आणि हरून गेले म्हणे.

एका सकाळी शास्त्री पंडितांच्या सभेत प्राणाचेच विवेचन करीत होते. समोरच त्यांचे घर. तिथे त्यांची आईवेगळी लेक दुर्गा बाळंत होत होती. ठकाई सुईण मागच्या दाराने आत गेली होती. एकाएकी तिची हाक आली, “बुवा, आत या! माझे दोन हात पुरत नाहीत!”

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषाने जायची रीत नव्हती. शास्त्री धावले. मूल निळे पडले होते, रडत नव्हते. ठकाईने त्याचे पाय त्यांच्या हातात दिले.

“उलटं धरा. घट्ट.”

तिने बाळाचे तोंड बोटाने साफ केले, पाठ चोळली, फुंकर घातली. शास्त्र्यांना ग्रंथातले एक अक्षर आठवेना. आणि मूल रडले.

“ठकाई, कुठून आला गं हा प्राण?” शास्त्र्यांनी विचारले.

“मला नाही ठाऊक, बुवा. एवढी पोरं या हातांवर आली, दर वेळी मी वाट बघते. आला की हात जोडते.”

शास्त्र्यांनी तिला पुढच्या दाराने बाहेर आणले आणि सभेसमोर वरच्या आसनावर बसवले. ती संकोचली. “मी काय सांगणार इथं?”

“मला जन्मात जे म्हणता आलं नाही, ते तू म्हणालीस,” शास्त्री म्हणाले, आणि खाली बसले.

पुढे वीस वर्षे त्यांनी खालूनच शिकवले. “इथवर कळतं, पुढचं मला कळत नाही,” असे मोकळेपणाने सांगत. विद्यार्थी दुपटीने वाढले म्हणे. तळसरची विद्या मोठी झाली ती तेव्हापासून, हे आम्ही छाती पुढे काढून सांगतो.

आजही गावात मूल जन्मले की बाराव्या दिवशी बाळंतपण करणाऱ्या बाईला, मग ती दवाखान्यातली नर्स का असेना, वाजतगाजत आणून वर बसवतात. आणि गावातला सगळ्यांत शिकलेला माणूस खाली उभा राहून तिला नमस्कार करतो.