हत्ती दाराबाहेर थांबला

प्राणीही यंत्रं वापरत, त्या फार जुन्या काळातली ही गोष्ट. जंगलातल्या प्रत्येक पंपाला चिप लागे आणि ती समुद्रापलीकडून येई. एका साली जहाजंच आली नाहीत. पंप बंद पडले, हौद कोरडे झाले.

हत्ती राजा म्हणाला, "चिप वाळूची होते ना? वाळू आपल्याकडे ढीगभर आहे. इथेच करू." त्याने खजिना उघडला, धुळीचा कण शिरणार नाही असा कारखाना बांधला. परदेशी शिकून आलेल्या ठकी मुंगीकडे तो सोपवला आणि तरण्या मुंग्यांना तिच्या हाताखाली शिकायला बसवलं.

उद्घाटनाला राजा वाजतगाजत आला. नारळ फोडून त्याने आनंदाच्या भरात सोंडभर गुलाल आत उधळला.

चिपांची पहिली खेप वाया गेली.

"मुंग्यांना हे जमायचं नाही, बंद करा," कोल्हा दरबारात म्हणाला.

ठकी पुढे आली. "महाराज, चिपेवरची रेघ आमच्या पायाहून बारीक असते. तुमच्या गुलालाचा एक कणही तिला बुजवतो."

राजाने कान पाडले. "चूक माझी. खजिना उघडाच राहील. पुन्हा करा."

आणखी कितीतरी चिपा बिघडल्या, पण राजाने हात आखडता घेतला नाही. शेवटी एके सकाळी पंप धडधडला आणि हौदात पाणी पडलं. सगळं जंगल गुलाल उधळत कारखान्याकडे निघालं.

"महाराज, आत येऊन बघा तरी," ठकी म्हणाली.

"नको गं. माझ्या अंगावर धूळ आहे."

राजा दाराकडे पाठ करून उभा राहिला. मिरवणूक जवळ येताच त्याने दोन्ही कान पसरले आणि सगळा गुलाल स्वतःच्या अंगावर घेतला.