भुरकीची सॅक आणि वाऱ्याची शेपटी

एक होती चिचुंद्री. तिचं नाव भुरकी. नाक लांब, शेपटी लांब, आणि बाकीची भुरकी एवढीशीच.

भुरकीच्या मावशीला बाळ झालं. आज त्याचं बारसं. मावशीचं घर टेकडीपलीकडे. जायचं आणि दोन दिवस राहायचं.

चिचुंद्र्या कशा जातात, माहीत आहे? रांगेत जातात. पुढं आई. आईची शेपटी दादानं धरायची. दादाची शेपटी भुरकीनं धरायची. भुरकीची शेपटी ठेंगूनं धरायची. ठेंगू सगळ्यात धाकटा. म्हणून तो सगळ्यात मागं.

आणि आईचा एक नियम होता. आपलं ओझं आपल्या पाठीवर! ज्याच्या पाठीवर सॅक नाही, त्यानं घरी थांबायचं.

भुरकीनं सॅक भरली. शेंगा भरल्या. पाठीवर घेतली. ओढ्याच्या दगडावर चढली. उडी मारली.

टर्रर्र! पट्टा तुटला.

बुडुक! सॅक ओढ्यात.

गेली वाहून. शेंगासुद्धा गेल्या.

भुरकी रडली. चूं चूं चूं! पण रडून सॅक येते होय? नाही येत. ठेंगू म्हणाला, "ताई, तू नाहीस तर मी कुणाची शेपटी धरू? दुसऱ्या कुणाची मी धरणार नाही!"

आई म्हणाली, "दुपार कलली की रांग निघेल. तोवर सॅक आण."

भुरकी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु!

बदामाच्या झाडावर शिंपी पक्ष्याचं दुकान. शिंपीकाका चोचीनं पानं शिवतात. टिप टिप टिप! दुकानात चार सॅक टांगलेल्या.

एक सागाच्या पानाची. केवढी मोठी! भुरकी आत पडली ती दिसेचना.

एक चिंचेच्या पानाची. केवढी लहान! तीत शेंगेचं नाकसुद्धा मावेना.

आणि दोन मधल्या. एक लाल, बदामाच्या पानाची. तिला सात खिसे! एक हिरवी, फणसाच्या पानाची. तिला खिसा एकच, आणि कमरेला पट्टा.

"शिंपीकाका, लाल सॅक द्या!"

"भरून बघितलीस?"

"नाही."

"मग नाही देत. रिकामी सॅक सगळ्यांनाच छान दिसते. आधी शेंगा, मग सॅक."

"दगड भरू का?"

"दोन दिवस दगड खाणार आहेस? जे न्यायचं तेच भरायचं. जा."

भुरकी गेली भुईमुगाकडे. तुरुतुरु तुरुतुरु!

"भुईमूगदादा, शेंगा दे.
शेंगा मिळाल्या की शिंपी सॅक देईल.
सॅक मिळाली की मी बारशाला जाईन!"

भुईमूग म्हणाला, "माती बघ, कशी टणक झालीय. शेंगा निघतील कशा? आधी पाणी, मग शेंगा."

भुरकी गेली ओढ्याकडे. तुरुतुरु तुरुतुरु!

"ओढेआजोबा, पाणी द्या.
पाणी मिळालं की भुईमूग शेंगा देईल.
शेंगा मिळाल्या की शिंपी सॅक देईल.
सॅक मिळाली की मी बारशाला जाईन!"

ओढा हसला. खळखळ खळखळ! "पाणी घे की. पण नेशील कशात? नाकात? आधी पान, मग पाणी."

भुरकी गेली अळूकडे. तुरुतुरु तुरुतुरु!

"अळूकाकू, पान द्या.
पान मिळालं की ओढा पाणी देईल.
पाणी मिळालं की भुईमूग शेंगा देईल.
शेंगा मिळाल्या की शिंपी सॅक देईल.
सॅक मिळाली की मी बारशाला जाईन!"

अळूकाकू म्हणाली, "एक पान देते, बाई. पण त्याच्याखाली बघ कोण चिकटलंय. गोगलगाय! सकाळपासून हलत नाही. आधी ती उठू दे, मग पान."

भुरकी पानाखाली शिरली.

"गोगलगायताई, ऊठ ना.
गोगलगाय उठली की अळू पान देईल.
पान मिळालं की ओढा पाणी देईल.
पाणी मिळालं की भुईमूग शेंगा देईल.
शेंगा मिळाल्या की शिंपी सॅक देईल.
सॅक मिळाली की मी बारशाला जाईन!"

गोगलगायीनं एक शिंग बाहेर काढलं. लगेच आत घेतलं. "छे, छे! बाहेर केवढं ऊन! माझी पाठ वाळेल. आधी सावली, मग उठेन."

सावली कुणाकडे? ढगाकडे. ढग टेकडीवर रेलून बसला होता. भुरकी टेकडी चढली. तुरुतुरु तुरुतुरु! हुश्श!

"ढगोबा, सावली दे.
सावली मिळाली की गोगलगाय उठेल.
गोगलगाय उठली की अळू पान देईल.
पान मिळालं की ओढा पाणी देईल.
पाणी मिळालं की भुईमूग शेंगा देईल.
शेंगा मिळाल्या की शिंपी सॅक देईल.
सॅक मिळाली की मी बारशाला जाईन!"

ढग म्हणाला, "मला पाय आहेत का? मी येऊ कसा? वारा ढकलतो तेव्हा मी चालतो. आधी वारा, मग सावली."

बोरीच्या झुडपात वारा बसला होता. गुपचूप बसला होता. भुरकी गेली. तुरुतुरु तुरुतुरु!

"वारेबुवा, चला ना.
वारा आला की ढग सावली देईल.
सावली मिळाली की गोगलगाय उठेल.
गोगलगाय उठली की अळू पान देईल.
पान मिळालं की ओढा पाणी देईल.
पाणी मिळालं की भुईमूग शेंगा देईल.
शेंगा मिळाल्या की शिंपी सॅक देईल.
सॅक मिळाली की मी बारशाला जाईन!"

वारा म्हणाला, "नाही येत जा!"

"का हो?"

"सगळे मला कामं सांगतात. वाऱ्या, ढग ढकल. वाऱ्या, धान्य पाखड. काम झालं की दार लावून घेतात. धाड! तुमची रांग मी रोज बघतो. सगळे एकमेकांची शेपटी धरता. माझी शेपटी कधी कुणी धरत नाही."

भुरकीला वाऱ्याचं वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं.

"मी धरते," ती म्हणाली. "कुठं आहे तुमची शेपटी?"

"ती काय, मागं."

भुरकी मागं गेली. तिथं एक वाळकं पान भिरभिरत होतं. तीच वाऱ्याची शेपटी! भुरकीनं ती दातात धरली. घट्ट धरली.

सूंऽऽ! वारा उठला. भुरकी हवेत. अगं बाई गं!

वारा आला, ढगाला ढकललं. धप्प!
ढग आला, सावली पडली. गार गार!
सावली पडली, गोगलगाय उठली. सर्रर्र... सर्रर्र... सावकाश हं!
गोगलगाय उठली, अळूनं पान दिलं. कट्ट!
पान दिलं, ओढ्यानं पाणी दिलं. चुळुक!
पाणी दिलं, माती भिजली. भुईमुगानं शेंगा दिल्या. एक, दोन, तीन, चार!

शेंगा घेऊन भुरकी दुकानात आली. तुरुतुरु तुरुतुरु!

"शिंपीकाका, ह्या शेंगा. आता लाल सॅक!"

"घाल बघू," शिंपीकाका म्हणाले.

भुरकीनं लाल सॅक भरली. चार शेंगा चार खिशांत. पाठीवर घेतली. सॅक लोंबली. आणखी लोंबली. पार जमिनीला टेकली.

तेवढ्यात ठेंगू धावत आला. "ताई, चल! दुपार कलली! रांग उभी राहिली!"

ठेंगू तिच्या मागं गेला. शेपटी धरायला तोंड उघडलं. कुच्च!

"थू थू! ही शेपटी नाही! हे तर पान आहे!"

भुरकीनं मागं वळून बघितलं. शेपटी गडप. सॅकखाली दडली होती. ठेंगूचं तोंड एवढंसं झालं.

"ताई, तुझी शेपटी नाही. मग मी कसा येऊ?"

शिंपीकाका टिप टिप टिप शिवत बसले.

भुरकीला लाल सॅक आवडली होती. खरंच आवडली होती. सात खिसे होते! पण तिनं ती उतरवली. चारही शेंगा काढल्या. हिरव्या सॅकमध्ये भरल्या. पाठीवर घेतली. कमरेला पट्टा बांधला. खट्ट!

हिरवी सॅक लोंबली नाही. पाठीला चिकटून बसली. आणि मागं काय दिसलं? लांबच्या लांब शेपटी!

कुच्च! ठेंगूनं धरली. "हीच! हीच ताईची शेपटी!"

"हिरवी देऊ ना?" शिंपीकाकांनी विचारलं.

"हिरवीच द्या!"

"दिली. पळा आता. बाळ थांबलंय."

दोघं पळाले. तुरुतुरु तुरुतुरु! भुरकी पुढं, ठेंगू मागं. शेपटी सोडली नाही हं!

आईनं पाठी बघितल्या. दादाच्या पाठीवर सॅक. भुरकीच्या पाठीवर सॅक. ठेंगूच्या पाठीवर इवलीशी सॅक.

"चला," आई म्हणाली.

रांग निघाली. बारशाला निघाली!

पुढं आई.
आईच्या शेपटीला दादा.
दादाच्या शेपटीला भुरकी.
भुरकीच्या शेपटीला ठेंगू.

आणि ठेंगूच्या शेपटीला? रोज कुणीच नसायचं. आज ठेंगूच्या शेपटीला गार गार लागलं. सूंऽऽ!

"ताई," ठेंगू दात न सोडता म्हणाला, "माझी पण शेपटी कुणीतरी धरलीय!"

ठेंगूच्या शेपटीला वारा.
वाऱ्याच्या शेपटीला वाळकं पान.
पानाच्या मागं कुणी नाही. तिथं रांग संपली, तिथंच गोष्ट संपली.