तरंगणारा नांगर

नांगर पाण्यात टाकला आणि तो तरंगू लागला. साधासुधा नव्हे, खुद्द नांदखाडीच्या रायाजीराजांच्या मचव्याचा नांगर! मचव्यात राजे बसलेले, किनाऱ्यावर व्याही स्वागताला उभे, आणि ओहोटीने मचवा ओढत नेला तो थेट चिखलात. व्याह्यांनी तोंडाला उपरणे लावले, पण त्यांचे हलणारे खांदे साऱ्यांना दिसले.

राजांना स्वस्ताईचा भारी नाद. दुकानदार झुंबरशेटने अर्ध्या भावाची दवंडी पिटली की राजे स्वतः पालखीतून हजर. त्या दुकानातल्या करवतीचे दात पहिल्याच फळीत गळाले होते, हातोड्याचा माथा उडून दिवाणजींच्या ताटात पडला होता. तरीही राजे खूश, कारण करवतीवर हातोडा फुकट मिळाला होता. काळा रंग फासलेला हा नांगरही तिथलाच.

राजांचा मचवा हाकायचा हरकू तांडेल. त्याने हात जोडून सांगितले की नांगर आतून लाकडाचा आहे. झाले! आपली खरेदी फसली हे राजे कसले कबूल करतात? तांडेलालाच नांगर टाकता आला नाही, असे त्यांनी ठरवून टाकले.

"अरे, हलका होता हाच तर त्याचा गुण," राजे म्हणाले. "आता त्याच दुकानातून तू नांगर आण. माझ्या नांगराहून स्वस्त. करंगळीवर लटकेल इतका हलका. आणि उद्याच्या ओहोटीत मचवा तसूभर हलता कामा नये. नाही जमलं तर तांडेलकी सोड आणि गावही सोड."

हरकूचा जन्म याच खाडीत गेला, आता या वयात कुठे जायचे? तेवढ्यात धक्क्यावर मासळी विकणारी त्याची मुलगी येसू टोपली खाली ठेवून पुढे आली. नांगर मी आणते, करंगळीही माझीच घ्या, असे तिने राजांना सांगून टाकले. घरी जाईपर्यंत बाप तिला बोलत होता.

दुपारी ती झुंबरशेटच्या दुकानात गेली. शेटने तिला एका वल्ह्यावर दुसरे फुकट देऊ केले, बुडाशिवायचा कंदील दाखवला, गंजलेली पकड तर हातातच कोंबली. येसूची नजर मात्र कोपऱ्यात होती. तिथे नारळ भरायची सुंभाची जाळी पडली होती, जाड विणीची, दणकट. शेटने ती विकायला ठेवलेलीच नव्हती, म्हणून तर धड होती. दोन सुक्या बोंबलांवर सौदा झाला. वर शेटला वाटले, आज आपण पोरीला बनवले.

दुसऱ्या दिवशी ओहोटीच्या वेळी सारा गाव धक्क्यावर लोटला. येसू आली ती करंगळीवर जाळी झुलवत. राजांनी ती आपल्या करंगळीवर घेऊन पाहिली, हलकी म्हणून मान डोलावली आणि नांगर कुठे आहे म्हणून विचारले. हाच नांगर, असे येसू म्हणताच धक्क्यावर खसखस पिकली. हरकूने मान खाली घातली.

येसूने धक्क्याखालचे काळे धोंडे मचव्यात चढवायला लावले. राजेही जाऊन बसले. मचवा खाडीच्या मध्यावर गेला तेव्हा तिने जाळी धोंड्यांनी गच्च भरली, तोंड आवळले, बापाचा जुना दोर बांधला आणि चार वल्हेकऱ्यांकडून ती पाण्यात लोटवली. ओहोटी जोरात होती. राजे काठावरच्या सुरूच्या झाडावर डोळा ठेवून बसले. झाड होते तिथेच राहिले, म्हणजे मचवाही होता तिथेच राहिला.

"ही लबाडी आहे," राजे म्हणाले. "जाळी दुकानातली, पण वजन दगडांचं! दगड कुठं दुकानातले आहेत?"

"म्हाराज, नांगर हलका पायजे तो वाटंत, न् जड पायजे तो पान्यात," येसू म्हणाली. "जिथं थांबायचं तिथं किनारा असतोच, न् किनाऱ्याला धोंडे. मग ओझं वाटभर कशाला वाहायचं? न् धोंडे तर तुमच्याच किनाऱ्याचे. घासाघीस करायची तर आता सोताशीच करा!"

राजे असे हसले की मचवा हेलकावू लागला. हरकूची तांडेलकी कायम राहिली. पोरीला काय हवे ते माग, असे राजांनी सांगितले.

"तुमचा कालचा नांगर द्या," येसू म्हणाली.

"तो? तो तर तरंगतो!" राजांच्या तोंडून निसटलेच.

"म्हनूनच मागते. माझं मासळीचं जाळं बुडतंय, त्याला बांधीन."

राजांनी पोट धरले. नांगर तर दिलाच, वर एक नवी होडी दिली. ती होडी येसूने स्वतः पारखून घेतली, आणि पुढे राजे झुंबरशेटच्या दुकानाला निघाले की माल पारखायला पालखीपुढे येसू चालू लागली.