येतो म्हणाला पोपट

एका राज्यात सुकेतू नावाचा राजा होता. त्याच्या दरबारात सगळे एकदम बोलत, ऐकत मात्र कुणीच नसे. एकदा एक मांत्रिक फिर्याद घेऊन आला. दिवसभर ताटकळला आणि तोंड उघडायच्या आत त्याला बाहेर घालवलं. झालं! मांत्रिक भडकला.

"राजा, तुझी कन्या शिळा होईल. किल्ल्याच्या तीन बुरुजांवर मी तीन दिवे ठेवले आहेत. तू, राणी आणि तुझा भाऊ, तिघांनी ते एकाच क्षणी विझवले तर ती सुटेल. चुकलात तर दगड वर चढेल. तिसऱ्यांदा चुकलात की संपलं."

राजकन्या हेमकळा चौकात मोगरा खुडत होती. तिची पावलं जागच्या जागी दगड झाली. अरे देवा! चौकातल्या बायकांच्या हातून घागरी पडल्या.

राजा एका बुरुजावर धावला, राणी इरावती दुसऱ्यावर, भाऊ वीरबाहू तिसऱ्यावर. बुरुज एकमेकांपासून लांब, हाक पोचेना. तेव्हा राजाचा बोलका पोपट निरोप नेऊ लागला. ऐकलेला शब्द तो जसाच्या तसा सांगे.

वीरबाहूच्या दिव्याला नाग वेटोळं घालून बसला होता. ही बातमी पोपटाने राजा-राणीला आधीच पोचवली होती. काठी आणायला खाली उतरताना तो घाईने पोपटाला म्हणाला, "सांग त्यांना, येतो."

पोपट राणीला म्हणाला, "येतो." राणीला वाटलं, भाऊजी इकडेच येताहेत. ती जिन्यात जाऊन वाट बघत बसली. पोपट राजाला म्हणाला, "येतो." राजाच्या काळजात चर्र झालं. हा तर निरोप घेतोय! नाग डसला, शेवटच्या श्वासाने दिवा फुंकतोय! राजाने घाईघाईने आपला दिवा फुंकला.

आता सांगा, पोपटाचा काय दोष? शब्द त्याने नेला, वीरबाहूचा चेहरा कसा नेणार?

दगड हेमकळेच्या कमरेपर्यंत चढला. विझलेला दिवा आपोआप पेटला.

"पोपट नको!" राजा ओरडला. "चौकात नगारा वाजवा. तिसऱ्या ठोक्याला फुंकायचं. नगाऱ्यात गैरसमज कसला?"

वीरबाहूने काठीने नाग हुसकावला. पहिला ठोका पडला. दुसरा पडला, आणि राणीच्या पदराने पेट घेतला! "थांबा! थांबा हो!" ती जीव तोडून ओरडली. पण नगारा सगळ्यांना ऐकू जातो, त्याला कुणाचं ऐकू येत नाही. तिसरा ठोका पडला. दोन दिवे विझले, तिसरा जळत राहिला.

दगड गळ्यापर्यंत आला.

तिघे धावत खाली आले आणि तिच्यासमोर थिजून उभे राहिले. राणीचा पदर जळालेला, हात भाजलेले. राजा मटकन खाली बसला. "माझ्याच हातांनी पोरीला दगड केलं मी," म्हणून तो ढसाढसा रडू लागला. बाप रे, राजाला रडताना कधी कुणी पाहिलं नव्हतं.

तेव्हा हेमकळा बोलली. तोंड तेवढंच उरलं होतं.

"आबासाहेब, मांत्रिकाने काय सांगितलं होतं?"

"तीन दिवे विझवा."

"बुरुजांवरच राहून विझवा, असं म्हणाला?"

तसं तो म्हणालाच नव्हता! ऐकून घ्यायची सवयच नाही, मग दुसरं काय होणार?

पुन्हा पेटलेले दिवे चौकात आणले. तिघे हेमकळेभोवती गुडघ्याला गुडघा लावून बसले. राजाने श्वास घेतला, तोच राणीची भुवई हलली. राजा तिथेच थांबला.

"काय झालं?"

"भाजलेल्या हातात दिवा धरवत नाही."

वीरबाहूने आपला हात तिच्या हाताखाली धरला. तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. तिघांनी फुंकर मारली आणि तीनही ज्योती एकाच क्षणी विझल्या.

दगड मातीसारखा गळून पडला. हेमकळा धपकन आईच्या मांडीत कोसळली.

राजाने मांत्रिकाला शोधून आणलं, पुढ्यात बसवलं आणि त्याची फिर्याद शेवटपर्यंत ऐकली. नगारा पुढेही वाजला, पण आग लागली की लोकांना उठवायला. पोपटाकडे पाहुण्यांच्या जेवणाचे निरोप राहिले. मसलत मात्र समोरासमोर बसूनच होऊ लागली.

दुसऱ्या सकाळी हेमकळा परडी घेऊन मोगऱ्याकडे निघाली. दारातून सहज म्हणाली, "येते हं, आबासाहेब."

राजा ताडकन उठला, धावत जाऊन त्याने तिचा हात धरला.

"येतेस की जातेस? इकडे बघून सांग, बाळ."


ती वळली आणि त्याच्याकडे बघून हसली. तेव्हा कुठे राजाने हात सोडला.