तीन यंत्रं, एक घाट

"तिघांतलं खरं कोणतं मानायचं, आबा?"

धुळाआबा लोकर कातत होते. चाती गरगरत खाली गेली, वर आली.

बेलसरे साहेबांनी प्रश्न पुन्हा विचारला. या वेळी मोठ्याने, बहिऱ्याला विचारावा तसा. आबा काही बहिरे नव्हते.

दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते. घाटमाथ्यावर धुकं उतरलं होतं आणि चार दिवस ते जागचं हललं नव्हतं. विरजण लावलेल्या पातेल्याला कुणी धक्का लावू नये, तसं सगळं पठार निवांत पडलं होतं. त्या पांढऱ्यात मधेच एखादं मेंढरू दिसे. मधेच मेंढरू दिसत नसे, नुसती त्याच्या गळ्यातली घंटा ऐकू येई. सकाळ आहे की दुपार, हेही नीट कळत नव्हतं.

धुळाआबांचा वाडा तिथे उतरला होता. वाडा म्हणजे धनगरांचा चालता संसार. तीनशे मेंढरं, चार घोडी, घोड्यांच्या पाठीवर भांडी, कोंबड्या आणि चालून दमलेली पोरं. दिवाळी झाली की हा संसार घाट उतरून कोकणात जातो.

त्याच्या शेजारी आणखी एक चालता संसार उभा होता. बेलसऱ्यांची कॅराव्हॅन. आत ओटा, पलंग, न्हाणीघर, वर टपावर पाण्याची टाकी. बेलसरे रस्ते बांधणारे इंजिनिअर. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही गाडी घेतली, तेव्हा नातेवाईक म्हणाले, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. बेलसऱ्यांना ते कौतुक वाटलं.

गाडीत काचेखाली रस्ता दाखवणारी तीन यंत्रं बसवली होती. एक गाडीबरोबरच आलेलं. एक खास मोठ्या गाड्यांसाठीचं, बाहेरदेशातून मागवलेलं. तिसरा त्यांचा फोन. तिघांना एकच पत्ता दिला होता आणि तिघांनी तीन वेगळे घाट दाखवले होते.

"पहिलं म्हणतं, जुन्या घाटाने उतरा," बेलसरे बोटं मोजत म्हणाले. "फोन म्हणतो, नव्या घाटाने. आणि हे महागाचं म्हणतं, दोन्ही नकोत, ऐंशी किलोमीटरचा वळसा घ्या. कारण माझी उंची अकरा फूट दोन इंच."

आबांनी त्यांच्याकडे पायापासून टोपीपर्यंत पाहिलं.

"गाडीची हो!"

"असंल," आबा म्हणाले.

"सगळी मापं भरावी लागतात त्यात. उंची, रुंदी, वजन. मी स्वतः टेप लावून घेतली. लोकांनी काय काय लिहिलंय, तेही सगळं वाचलं. कुणी म्हणतं हे घ्या, कुणी म्हणतं ते. आता चौथं मागवलंय. उद्या तालुक्याला येईल."

"आनि त्यानं चौथा घाट दावला तर?"

हा विचार बेलसऱ्यांच्या मनात आला नव्हता असं नाही.

"तर परत," ते म्हणाले. "सरळ नाशिकला परत. चारशे किलोमीटर आलो, तसे चारशे जाऊ."

गाडीच्या दारात काहीतरी पडल्याचा आवाज झाला. कात्री होती. नलिनीबाईंच्या हातातून सुटली होती. नवऱ्याचं बोलणं त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी वाकून कात्री उचलली आणि त्या आत गेल्या.

आबांची चाती थांबली. पुन्हा फिरू लागली.

"तुमी इथं कितवा दिस?" त्यांनी विचारलं.

"चौथा. तुम्ही?"

"तिसरा."

"म्हणजे तुम्हीही अडकलात." बेलसऱ्यांना जरा बरं वाटलं. "या धुक्यात वाट दिसायची कशी!"

"वाट मेंढराला बी ठाव हाय. आमी धुक्यापाय न्हाई थांबलो."

"मग?"

"पुतण्या खाली गेलाय. इचारायला."

"काय विचारायला?"

"यिऊ का म्हणून."

बेलसरे हसले. "आबा, तुम्ही तर दरसाल जाता म्हणालात. त्याच गावात, त्याच शेतकऱ्याच्या शेतात मेंढरं बसवायला."

"व्हय. दरसाल जातो. दरसाल इचारतो."

"आणि नाही म्हणाला तर?"

"तर न्हाई म्हनला."

"मग काय करणार?"

"दुसरं रान बघनार. आनि म्होरल्या साली त्याला परत इचारनार."

बेलसऱ्यांना हे काही पटलं नाही. त्यांच्या हिशेबी रस्ता असतो आणि पत्ता असतो. मधे विचारण्यासारखं काय असतं?

तेवढ्यात धुक्यातून एक मुलगी पळत आली. आबांची नात. तिच्या अंगात निळा कोरा फ्रॉक होता. टाके कच्चे होते आणि एक बाही लागायची होती. तिच्यामागे नलिनीबाई आल्या, तोंडात टाचण्या धरून.

"थांब गं, टोचेल!" त्यांनी टाचण्या काढल्या आणि खांद्याजवळ कापड चिमटीत धरलं. "हिच्याएवढीच असेल. सात वर्षांची. जरा ढगळ ठेवते, म्हणजे चुकलं तरी अंगात जाईल."

"असंल म्हंजे?" आबांनी विचारलं. "बघितली न्हाई व्हय तुमी?"

नलिनीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. मग मुलीला घेऊन त्या परत गाडीकडे गेल्या. मुलगी चालता चालता स्वतःभोवती गिरक्या घेत होती. आधी ती धुक्यात दिसेनाशी झाली, मग तिचा निळा फ्रॉक.

"कुणाची पोर?" आबा म्हणाले.

"माझ्या मुलीची."

"नाव काय?"

खाली कोकणातल्या तिच्या घराचे अक्षांश-रेखांश बेलसऱ्यांना सहा आकड्यांपर्यंत पाठ होते. नाव नलिनीबाईंना ठाऊक होतं. मुलीच्या मावशीकडून त्यांना ते कळलं होतं. बेलसऱ्यांनी ते कधी विचारलं नव्हतं.

आबांनी चाती घोंगडीवर ठेवली.

"एका साली म्या इचारलं न्हाई," ते म्हणाले. "दरसालचंच हाय, म्हनलं. पाऊस लांबला हुता, उशीर झाला हुता. तीनशे मेंढरं घिऊन सकाळच्या पारी त्या शेतकऱ्याच्या दारात हुबा राहिलो."

"मग?"

"दारात तिरडी बांधत हुते. त्याच्या थोरल्या पोराची."

धुक्यात एक कोकरू ओरडलं. दुसऱ्याने साद दिली.

"मानसाला गप म्हनता येतं," आबा म्हणाले. "तीनशे मेंढरास्नी कसं म्हननार? समदी वरडत हुती. ती बाई रडत हुती आनि आमची मेंढरं वरडत हुती..."

धुकं दोघांच्या मधून वाहत होतं, म्हणून कधी आबा पुसट होत, कधी बेलसरे स्वतःच्याच हाताकडे, हा आपलाच का, असं पाहत.

मग आबा म्हणाले, "आना बघू ती तुमची तिन्ही."

बेलसरे उठले. गाडीतून तिन्ही यंत्रं घेऊन आले आणि घोंगडीवर ओळीने मांडली. पडदे उजळलेले होते. तिन्हींवर निळ्या रेघा होत्या.

आबांनी पहिलं उचललं. पडद्याकडे पाहिलंच नाही. सरळ कानाला लावलं.

"शंभर मीटरवर डावीकडे वळा," आतली बाई म्हणाली. डावीकडे दरी होती.

आबांनी मान हलवली आणि ते खाली ठेवलं. दुसरं उचललं. तेही कानाला लावलं. ते गप्पच होतं.

"आबा, ते बघायचं असतं. ऐकायचं नसतं."

"ह्ये 'वळा' म्हनतंय. त्ये काय बोलतच न्हाई." आबांनी दोन्ही बाजूला सारली. "ह्यांतलं कुनी 'या' म्हनतंय का?"

बेलसऱ्यांना राग आला. खरं म्हणजे तो आबांचा नव्हता, पण समोर आबाच होते.

"या म्हणायची गरजच नाही मला!" ते म्हणाले. "त्यासाठीच तर ही गाडी घेतली. त्यांच्या घरात पाऊल ठेवायला नको. दारापुढे उभी करायची, हिने नात पाहायची, संध्याकाळी निघायचं. जेवण आपलं, पाणीसुद्धा आपलं. कुणाचे उपकार नकोत."

"तुमची पोर न्हवं ती?"

"नऊ वर्षांपूर्वी माझ्या मनाविरुद्ध लग्न करून गेली. तेव्हा दारात उभं राहून सांगितलं मी तिला. मी बोलावल्याशिवाय या घरात पाऊल टाकायचं नाही."

"आनि ती न्हाई आली."

"नाही आली."

"बोलावल्याबिगार."

"नाही..."

आपलं वाक्य आपल्याच कानावर पडलं की माणूस चपापतो, तसे बेलसरे चपापले. बोलावल्याशिवाय ती नऊ वर्षं आली नव्हती. आणि बोलावल्याशिवाय ते निघाले होते, अकरा फूट दोन इंच उंचीचं घर घेऊन.

चार दिवस ते घाट निवडत होते. त्याआधी दोन महिने यंत्र निवडत होते. खरं तर त्या दोन महिन्यांत आणि चार दिवसांत त्यांना एकदाही घाटाची भीती वाटली नव्हती. आयुष्यभर त्यांनी घाटच तर कापले होते. भीती वाटत होती ती एका दाराची. दार उघडल्यावर ती काय म्हणेल याची.

आबांनी तिसरं यंत्र उचललं. फोन. उलटासुलटा करून पाहिला.

"ह्यातनं मानसाशी बोलता येतं, न्हवं?"

"हो."

"मग ह्ये घ्या."

त्यांनी तो बेलसऱ्यांच्या हातावर ठेवला आणि स्वतः पुन्हा चाती उचलली, जणू विषय संपला.

बेलसरे फोन धरून बसले. "माझ्याकडे नंबर नाही तिचा," ते शेवटी म्हणाले.

"माझ्याकडे आहे."

नलिनीबाई कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कळलं नाही. त्यांच्या हातात डाळीच्या डब्याचं झाकण होतं. झाकणाच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवलेली होती, कडा पिवळ्या पडलेल्या. नऊ वर्षं त्याच डब्यातल्या डाळीचं वरण बेलसरे जेवत आले होते.

"तू कधी केलास का?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्ही बोललात तिला. तुम्हीच विचारायला हवं." नलिनीबाईंनी झाकण पुढे केलं. "मी नऊ वर्षं वाट पाहिली हो. परत जाऊ म्हणू नका."

असं त्या आयुष्यात पहिल्यांदाच बोलल्या असाव्यात. झाकण नवऱ्यापुढे धरून त्या तशाच उभ्या राहिल्या.

बेलसऱ्यांनी एकेक आकडा दाबला. पडद्यावरची निळी रेघ गेली. घाट गेला, दरी गेली, ऐंशी किलोमीटरचा वळसाही गेला. नुसता नंबर राहिला.

घंटी वाजू लागली. खाली धुक्यात कुठेतरी, त्यांना वाटलं, एका घरात ती वाजत असेल आणि कुणीतरी हात पुसत येत असेल.

"हॅलो?"

बेलसऱ्यांना स्वतःचं नाव सांगता येईना. बापाने पोरीला नाव काय सांगायचं?

"हॅलो, कोण?"

"शर्वरी... मी. बाबा."

पलीकडे काही नाही.

"घाटमाथ्यावर आहे. आई आहे बरोबर." पुढचे दोन शब्द त्यांनी उभ्या आयुष्यात कुणाला विचारले नव्हते. रस्ते बांधणाऱ्याला विचारावे लागत नाहीत.

"येऊ का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. एक लहान मुलगी मोठ्याने पाढे म्हणत होती. सात त्रिक एकवीस. सात चोक... तिथे ती अडली. बाकी काही ऐकू येत नव्हतं. श्वास येत होता, एवढंच.

सात चोक... सात चोक...

धुक्यात घंटा वाजल्या. एक मेंढरू बेलसऱ्यांच्या अगदी जवळ आलं, त्यांचा गुडघा हुंगला आणि तिथेच बसलं.

बेलसऱ्यांनी फोन कानापासून जरा दूर केला. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलं नाही.

"आबा, ती काहीच बोलत नाही हो."

"ठेवला का फोन तिनं?"

"नाही."

आबा घोंगडीवर बाजूला सरकले. मोकळ्या झालेल्या जागेवर त्यांनी हाताने थोपटलं.

"मग बसा. आत्ता कुठं निघालाय तुमी."