शिंपिणीने घासलेला चष्मा

त्या रानातल्या निम्म्या पाखरांना जवळचे स्वच्छ दिसे आणि लांबचे सगळे धुक्यात बुडालेले असे. अशी पाखरे अभ्रकाचा चष्मा लावत. दर पानगळीला डोळे तपासून नवा चष्मा मिळे. नजर आणखी अधू झाली असेल, तर अभ्रक आधीपेक्षा जाड असे. चष्मा पिसांत नुसता खोचायची रीत होती, म्हणजे लग्नकार्यात पटकन काढून लपवता येई. पाखरे झाली तरी मिरवायची हौस कुणाला चुकली आहे?

पाने शिवून घरटे करणारी शिंपीण त्यांतलीच एक. चोचीपुढचा टाका तिच्याइतका बारीक कुणाचाच नसे. पण गेल्या साली उडताना चष्मा गळून पडला आणि समोरून करडे काहीतरी घरट्याकडे आले. तिला तो ढगाचा तुकडा वाटला. तो ससाणा होता. घरट्यात तीन पिल्ले होती, दोन उरली. तेव्हापासून भीती तिच्या पोटात ठाण मांडून बसली होती, आणि यंदा घरट्यात पुन्हा तीन अंडी होती.

नदीपलीकडे वठलेल्या झाडावर एक म्हातारा सुतार पक्षी राही. उन्हाची तिरीप स्फटिकातून धरून तो डोळ्यावरचा पारदर्शक पडदा तासून देई, मग चष्म्याची गरज उरत नसे. शेजारची बुलबुल तासून आली होती.

"अगं, पापणी लवते न लवते तोच झालंसुद्धा!" ती म्हणाली. "संध्याकाळी चांदणीभोवती जरा कडं दिसतं आणि डोळे कोरडे पडतात, एवढंच."

'तासणे' हा शब्दच शिंपिणीला नको वाटे. तासलेले परत उगवत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होते. इकडे आड, तिकडे विहीर. शेवटी ससाण्याची भीती मोठी ठरली.

सुताराचा नेम कडक होता. मागच्या तीन पानगळींचे चष्मे आणायचे. तिन्ही सारख्या जाडीचे असतील, म्हणजे नजर अधू व्हायची थांबली असेल, तरच पुढची बोलणी. शिवाय येण्याआधी सात दिवस चष्मा लावायचा नाही.

शिंपिणीचा तिसरा चष्मा आधीच्या दोन्हींहून जाड होता. ती नदीवर गेली, ओल्या दगडावर त्याचे अभ्रक घासत बसली आणि ते बरोबरीला आले तेव्हाच उठली.

मग ते सात दिवस आले. घरट्याच्या तोंडाशी बसून ती आकाशाकडे बघे. तिथे काहीच दिसत नसे, म्हणून तिथे सगळीकडे ससाणाच असे. पान सळसळले तरी ती अंड्यांवर पंख पसरी.

"अहो, ते काय आहे?" ती नवऱ्याला विचारी.

"कावळा आहे गं."

"नक्की ना?"

चौथ्या दिवसापासून तो बिचारा विचारायच्या आधीच सांगू लागला.

आठव्या दिवशी सुताराने तिन्ही चष्मे उन्हात धरून पाहिले. "सारखे आहेत. आता हा तिसरा लावा आणि समोरच्या खोडावर ढोल्या किती, ते सांगा बाई."

समोर नुसता करडा पसारा होता. "चार," ती म्हणाली.

"तिथे खोडच नाही. उघडा कडा आहे. कशाला घासलात चष्मा?" त्याच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे ती जास्तच घाबरली.

"घरात अंडी आहेत हो. यंदा एकही पिल्लू जाऊ द्यायचं नाही मला."

सुताराने तिच्या डोळ्यावरचा पडदा मोजला. दोनदा मोजला. मग उठून एक कोवळे पान तोडून आणले. "बुलबुलबाईंचा पडदा वडाच्या पानासारखा जाड होता. तुमचा हा असा आहे." त्याने तिरीप धरली आणि तिच्या नजरेला लागेल तेवढे ते पान तासले. पलीकडची नदी त्यातून दिसू लागली. "आता शिवा."

शिंपिणीने सवयीने चोच टोचली, कापसाचा धागा ओढला. पान टाक्यापासून देठापर्यंत फाटत गेले. ती कितीतरी वेळ ते दोन तुकडे जुळवून धरत राहिली.

सुताराने तिला पूर्ण जाडीचा नवा चष्मा दिला. ती रडत घरी आली. भीती जागची हलली नव्हती. तिने चष्म्याच्या कडेला भोके पाडली, कापूस वळून दुहेरी धागा केला आणि चष्मा डोक्यामागून पक्का शिवून टाकला.

"लग्नात कसा काढशील?" नवऱ्याने विचारले.

"नाही काढणार."

"जड होतोय का?"

"होतोय."

ती घरट्याच्या तोंडाशी येऊन बसली. दूर कड्यावर एक करडा ठिपका हलला.

"अहो, आत या."

"का? काय आहे?" नवऱ्याने मान उंचावून आभाळभर पाहिले. त्याच्या उघड्या डोळ्यांना अजून काहीच दिसले नव्हते. तो कसाबसा आत शिरला, तोवर शिंपिणीने पानाच्या दोन्ही कडा ओढून घेतल्या होत्या, आणि घरट्याचे तोंड ती आतून टाक्याटाक्याने शिवत होती.