टोपलीतला काळा गहू

बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्याच्या जागेवर अंगणवाडी बांधायची, असं नगरपरिषदेच्या गुप्तेसाहेबांनी ठरवलं. कांचनची रांगती लेक चिमी मिळेल ती माती तोंडात घालायची.

"साहेब, आधी ती माती उचला, मग बांधा," ती सभेत म्हणाली.

साहेबांनी रिपोर्ट फडकावला. "माती शुद्ध आहे, असं यात लिहिलंय. शिक्षण किती तुमचं, बाई?"

"सातवी."

"मग हे तुम्हाला वाचता यायचं नाही." सभा हसली.

नवरात्रात कांचनने देवीच्या घटाशेजारी कारखान्याच्या मातीची टोपली ठेवली. गहू एकाच डब्यातला, पाणी एकाच तांब्यातलं. नवव्या दिवशी तिने टोपली उकरली आणि ती तशीच सभेसाठी झाकून ठेवली.

पुढच्या सभेत तिने घट आणि टोपली साहेबांपुढे मांडली. घटात वीतभर तुरे, टोपलीत काळा कुजका गहू.

"मी निदान सातवी तरी शिकले, साहेब," कांचन म्हणाली. "हा गहू शाळेतच गेला नाही. तुमचा रिपोर्ट त्याला वाचता आला नाही, म्हणून मेला बिचारा."

साहेबांनी रिपोर्टाची घडी केली. ठराव झाला: आधी माती उचलायची, आणि तिथे बाईंचा गहू उगवल्याशिवाय पाया खणायचा नाही.